निष्कर्ष पाठ होते, युक्तिवाद नव्हते

तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. करताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या वरवर पाहता वेगवेगळ्या होत्या. काही अभ्यासातल्या, काही वागण्यातल्या. एक तर नोकरीला लागल्यावर उघडी पडली आणि तिचा त्रास भलत्यांनाच झाला. आज त्या सगळ्या एकत्र मांडून पाहते तेव्हा त्यांचे मूळ एकच दिसते. मी निष्कर्ष गोळा करत गेले आणि तिथपर्यंत नेणारे युक्तिवाद सोडून देत गेले. हा विषय घेणाऱ्या, किंवा संगणकशास्त्र शिकता शिकता याच्याकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

मी बारावीपर्यंत शास्त्र शाखेत होते. गणित आवडायचे, पण इंजिनिअरिंगला जायचे नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पुण्याला आले आणि कला शाखेत प्रवेश घेतला. बाबांचा विरोध नव्हता, काळजी होती. "पुढे काय करशील?" असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे त्यांना पटेल असे उत्तर नव्हते. मग मी सॉक्रेटिस, शंकराचार्य, कांट अशी नावे घेतली आणि बाबा गप्प झाले. नाव घेतले की समोरचा गप्प होतो हे तेव्हा लक्षात आले, आणि तीच सवय मी पुढे अभ्यासातही वापरली.

माझा अभ्यास म्हणजे वर्गातल्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका आणि बाजारात मिळणारी गाईडे. प्रत्येक तत्त्ववेत्त्याला एक लेबल होते. देकार्त म्हणजे बुद्धिवाद, लॉक म्हणजे अनुभववाद, ह्यूम म्हणजे संशयवाद. प्रत्येकाच्या खाली 'परीक्षण' म्हणून चार मुद्दे. गुण चांगले पडत, त्यामुळे यात काही चुकते आहे अशी शंकाही आली नाही.

देकार्तचा 'मेडिटेशन्स' हा ग्रंथ १६४१चा. सहा चिंतने, सगळी मिळून छोटेसे पुस्तक. ते वाचनालयात होते आणि मी उघडलेही नाही. विचार करण्यावरून स्वतःचे अस्तित्व सिद्ध करणारे देकार्तचे सुप्रसिद्ध सूत्र याच ग्रंथातले आहे, असे मी उत्तरपत्रिकेत बिनधास्त लिहिले. प्रत्यक्षात ते सूत्र १६३७च्या 'डिस्कोर्स'मध्ये आणि १६४४च्या 'प्रिन्सिपल्स'मध्ये येते. 'मेडिटेशन्स'मध्ये ते त्या रूपात नाहीच. तिथे देकार्त वाचकाला बरोबर घेऊन जातो. इंद्रियांवर शंका घ्यायला लावतो, आपण स्वप्नात असू म्हणतो, एखादी दुष्ट शक्ती आपल्याला सतत फसवत असेल म्हणतो, आणि मग विचारतो की फसायला तरी कुणीतरी हवे ना.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे. 'मी विचार करतो' यावरून 'मी आहे' हे अनुमानाने काढायचे, तर 'जो विचार करतो तो असतो' हे आधारविधान आधी लागते. सगळ्यावर शंका घेतल्यानंतर ते कुठून आणायचे? हा प्रश्न देकार्तच्या समकालीनांनी त्याच्यापुढे ठेवला होता. त्यांचे आक्षेप आणि त्याची उत्तरे पहिल्या आवृत्तीत मूळ ग्रंथाबरोबरच छापलेली आहेत. म्हणजे खरे परीक्षण त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानांवर होते आणि मी गाईडातले चार मुद्दे घोकत होते. ते पुस्तक मी पूर्ण वाचले ते पदवीनंतर कितीतरी वर्षांनी, नोकरी करत असताना. वाचताना हळहळ वाटली. ज्या वयात एखाद्या युक्तिवादाने माणूस हलून जातो, ते वय मी सारांशांवर घालवले होते.

भारतीय तत्त्वज्ञानाच्या पेपरात यापेक्षा मोठी चूक केली. चार्वाकांना मी एका वाक्यात निकालात काढत असे: प्रत्यक्षापलीकडचे न मानणारे, सुखवादी. त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून पोचले आहे, हेही मी विचारात घेतले नाही. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिले प्रकरण चार्वाकांचे आहे, आणि त्यात अनुमानावरचा त्यांचा आक्षेप नीट मांडलेला आहे. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे म्हणायचे, तर 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती आधी माहीत हवी. आपण पाहिलेले धूर मोजके. न पाहिलेल्या सगळ्या धुरांबद्दलची खात्री कशाच्या बळावर? हाच प्रश्न ह्यूमने अठराव्या शतकात विचारला. ह्यूमवर मी पानभर लिहीत असे आणि चार्वाकांवर एक ओळ, आणि या दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, या आक्षेपाला उत्तर देताना 'उपाधी'ची कल्पना मांडली. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर, पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे चूक, कारण धूर निघतो तो सरपण ओले असेल तेव्हा. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इथे ओले सरपण ही उपाधी. दोन गोष्टी नेहमी बरोबर दिसल्या, तरी त्यांच्यामागे तिसरे काही दडलेले नाही ना, हे तपासायचे. मी ही व्याख्या पाठ केली, उदाहरणासकट लिहिली, पाच गुण घेतले आणि विसरले.

पुढे विदेवर (डेटावर) काम करायला लागले तेव्हा एक प्रसिद्ध अमेरिकी उदाहरण वाचनात आले. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला जास्त धोका आहे हे सांगणारी एक प्रणाली १९९०च्या दशकात तयार केली जात होती. जुन्या नोंदींवरून ती असे शिकली की दमा असलेल्या रुग्णांना न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी असतो. नोंदी खऱ्या होत्या. पण दम्याच्या रुग्णांना न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्यांना थेट अतिदक्षता विभागात हलवत, म्हणून ते वाचत. प्रणालीवर विसंबून त्यांना घरी पाठवले असते तर अनर्थ झाला असता. रिच करुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या प्रकरणाची चर्चा करणारा निबंध प्रसिद्ध केला. तो वाचताना मला आपसूक ओले सरपण आठवायला हवे होते. ते आठवले बऱ्याच दिवसांनी, जुनी वही चाळताना. कल्पना माझ्या वहीत होती. ती परीक्षेबाहेर वापरायची असते, हे मात्र मला माहीत नव्हते.

तिसऱ्या वर्षी सेमिनार होता. 'भारतीय तर्कपरंपरा आणि संगणक' असा विषय मी उत्साहाने घेतला आणि सुरुवातीलाच सांगितले की संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे नासाने मान्य केले आहे. मॅडमनी मध्येच थांबवले.

"हे तू कुठे वाचलंस?"

"सगळीकडे आहे, मॅडम."

"सगळीकडे म्हणजे नेमकं कुठे? कुणी लिहिलंय, कधी?"

मला सांगता आले नाही. वर्गासमोर बोलल्याचा राग आला आणि तो मी बरेच दिवस धरून ठेवला. शोध घेतला तो खूप उशिरा. १९८५ साली 'एआय मॅगझीन'मध्ये रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आला होता. ते नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधनसंस्थेत काम करत होते, एवढाच नासाचा संबंध. संस्कृत वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ कारकसंबंधांनी उलगडून दाखवण्याची जी पद्धत घडवली, तिचे कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अर्थजालांशी साम्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नासाने काही ठरवले नव्हते आणि संस्कृतात प्रोग्रॅम लिहिण्याचा प्रश्नच तिथे नव्हता.

ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगितली ही चूक होतीच. पण तिच्यामुळे खरी गोष्ट हातची गेली, हे नुकसान मोठे होते. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त सुमारे चार हजार सूत्रे आहेत. तिथे नियमांचा क्रम ठरलेला आहे, दोन नियमांत विरोध आला तर कुठला चालायचा याची सोय आहे, आणि भाषेविषयी बोलण्यासाठी वेगळी सांकेतिक भाषा घडवलेली आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत जॉन बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनीचेही नाव द्यावे, असे पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात सुचवले होते. सेमिनारमध्ये मी यातले एखादे सूत्र फळ्यावर लिहून ते कसे चालते हे दाखवायला हवे होते. अभिमान बाळगण्याजोगे होते ते अभ्यास मागत होते. मी फुकटचा अभिमान उचलला.

वसतिगृहात माझी खोलीमैत्रीण पंढरपूरजवळच्या गावची होती. तिचे आजोबा दरवर्षी वारीला जात. ईश्वराच्या अस्तित्वाच्या पुराव्यांवरचे कांटचे आक्षेप मी नुकतेच शिकले होते आणि ते तिच्यावर चालवून पाहत होते. एकदा ती म्हणाली, "अगं, आजोबा पुरावा शोधायला चालत नाहीत." ती मला विचार करण्यासारखे काही सांगत होती. श्रद्धा आणि सिद्धता हे दोन वेगळे व्यवहार असू शकतात, हा तत्त्वज्ञानातलाच मोठा प्रश्न तिने माझ्यापुढे ठेवला होता. मी तो ऐकला नाही. पुढचा मुद्दा काढला, त्यानंतरचाही काढला. हळूहळू तिने माझ्याशी घरच्या गोष्टी बोलणे बंद केले.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढणे ती वितंडा. हेही मी पाठ केले होते, आणि त्याच काळात खोलीत रोज जल्प करत होते. खरा वाद कसा असतो याचे उत्तम उदाहरण माझ्याच शहरात घडलेले होते. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने पारंपरिक नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले अभ्यासक एकत्र बसले आणि रसेलच्या विधानविषयक कल्पनांवर त्यांनी एकमेकांना समजून घेत चर्चा केली. ती पुढे 'संवाद' या नावाने ग्रंथरूपात आली. दोन परंपरांना जे जमले ते मला एका खोलीत जमले नाही. मैत्रिणीची मी नंतर माफी मागितली. तिने मोठ्या मनाने ती स्वीकारली. पण एका खोलीत काढलेली ती दोन वर्षे काही परत आली नाहीत.

बी.ए.नंतर, बारावीला गणित असल्यामुळे, एमसीएला प्रवेश मिळाला. तिथे मी आणखी एक चूक केली. मागचे सगळे वाया गेले असे मी मनाशी ठरवून टाकले. मुलाखतीत पदवीचा विषय विचारला की पटकन पुढचे बोलू लागे. खरे तर त्या वर्गात पावलोपावली माझाच जुना विषय येत होता. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांचे नियम बीजगणितात मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९३७च्या प्रबंधात तेच बीजगणित विजेच्या स्विचांना लावून दाखवले. रसेलने १९०२ साली फ्रेगेला पत्र लिहून त्याच्या पद्धतीतला विरोधाभास दाखवला आणि त्यातून सुटण्यासाठी 'टाइप'ची कल्पना मांडली. प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधल्या टाइपांच्या सिद्धान्ताचे एक मूळ तिथे आहे. ट्युरिंगचा यंत्रे विचार करू शकतात का हा १९५० सालचा निबंध छापला गेला तो 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात. क्विकसॉर्ट शोधणाऱ्या टोनी होअर यांनी ऑक्सफर्डला अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घेतले होते. मी हे सगळे धडे नवे म्हणून शिकले, आणि जुन्या ज्ञानाचा हात न धरल्याने कच्चे शिकले.

त्या कच्चेपणाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. एका कार्यालयासाठी शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करणारा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. नियम असा होता की ज्याच्या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे किंवा ज्याची कागदपत्रे अपूर्ण आहेत, तो अर्जदार अपात्र. मला पात्रतेची अट लिहायची होती. मी नियम उलटा केला आणि लिहिले: उत्पन्न जास्त नाही किंवा कागदपत्रे अपूर्ण नाहीत. तिथे 'आणि' हवे होते. 'किंवा'ने जोडलेल्या विधानाचा निषेध केला की दोन्ही घटकांचा निषेध होऊन ते 'आणि'ने जोडले जातात, हा ऑगस्टस डी मॉर्गन यांचा नियम. त्यांचा जन्म १८०६ सालचा, मदुराईचा. हा नियम सत्यता-कोष्टकाने सिद्ध करून मी बी.ए.ला पूर्ण गुण मिळवले होते.

प्रोग्रॅमची चाचणीही मी केली होती. सगळे बरोबर असलेला एक अर्ज घातला, तो पात्र आला. उत्पन्नही जास्त आणि कागदपत्रेही अपूर्ण असा दुसरा घातला, तो अपात्र आला. दोन्ही उत्तरे बरोबर. पण दोन घटकांच्या कोष्टकाला चार ओळी असतात. मी पहिली आणि शेवटची तपासली, मधल्या दोन सोडल्या. चूक नेमकी त्या दोन ओळींत होती. दोहोंपैकी एकच अट मोडणारे सगळे अर्जदार पात्र ठरले, यादी लागली, आणि काही दिवसांनी ती मागे घ्यावी लागली. यादीत नाव पाहून काही मुलांनी शहरात खोल्या घेतल्या होत्या. खुलाशात 'तांत्रिक अडचण' असे लिहिले गेले. अडचण तांत्रिक नव्हती, माझी होती. मी तेव्हा गप्प राहिले. या सगळ्या चुकांत मला सर्वांत जास्त खुपते ते हे गप्प राहणे.

त्यानंतर मी परत तर्कशास्त्र काढून बसले, या वेळी परीक्षेसाठी नव्हे. होअर यांनी १९६९ साली प्रोग्रॅमच्या आधी काय खरे असायला हवे आणि नंतर काय खरे ठरते हे विधानांच्या रूपात मांडून त्याची सिद्धता देण्याची पद्धत घालून दिली. ती समजून घेतली. चाचणीने चूक आहे हे दिसू शकते, चूक नाही हे सिद्ध होत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा आग्रहाने सांगत, ते वाचले. मोजक्या उदाहरणांवरून सर्वांविषयी खात्री कशी द्यायची, हा चार्वाकांचा प्रश्न तिथे पुन्हा समोर उभा होता. या वेळी मी तो ओळखला.

आता या वाटेने जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे. तत्त्वज्ञान घेतले असेल तर दर सत्रात एक तरी लहानसा मूळ ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचा. इंग्रजी जड गेली तर शब्दकोश घेऊन बसा, पण लेखकाचा युक्तिवाद त्याच्याच क्रमाने, आधारविधानांसकट, स्वतःच्या वहीत उतरवा. ज्याचे म्हणणे खोडायचे आहे त्याचा पूर्वपक्ष आधी असा लिहा की तो त्याने स्वतः मान्य केला असता. 'हे कुठे वाचलंस?' असे विचारणाऱ्या शिक्षकांवर रागावू नका, तेच तुम्हाला विषय शिकवत असतात. जमल्यास एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा शिका. यंत्र तुमच्या वतीने काहीही गृहीत धरत नाही, त्यामुळे आपण काय काय न सांगता धरून चाललो होतो ते उघडे पडते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा यांचा एखादा अभ्यासक्रम जरूर करावा. ऑक्सफर्डने २०१२ साली संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान अशी जोड पदवी सुरू केली. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे. आपल्या विद्यापीठांनी पदवीच्या पातळीवर तो विज्ञानाच्या मुलांनाही सहज घेता येईल अशी सोय करावी, असे मला मनापासून वाटते. आणि चूक झाली तर ती आपल्या नावावर घ्या. निष्कर्ष कसा काढला हे ज्याला सांगता येते, त्यालाच आपण कुठे चुकलो हेही सांगता येते.